माया

आईचं दुकान क्वाचास नेकला, बस थांबते त्याच्या मागे.
पायाचं मशीन, निळ्या छापील कापडाचे गठ्ठे छतापर्यंत,
भिंतीवर खडूनं लिहिलेलं : उधार नाही.
बाई हात लांब करून उभी राहते, आई टेप लावते
खांद्यापासून मनगटापर्यंत, ओठांत टाचण्या.
आधी हात, मग बाही.
एवढं मला सातव्या वर्षीच कळलं होतं.

आता मी सेहलाबाथेबेच्या वर, ओढ्याकाठी
पालथी पडून माशीचे हात मोजते.
माशी कुपीत, कुपी बर्फात, ती गुंगीत.
पुढचे दोन पाय, मी त्यांना हातच म्हणते,
अंगाएवढे लांब, बेढब,
धाकट्याला थोरल्याचा कोट घातल्यासारखे.
मधमाशी म्हणावी तर मध नाही, पोळं नाही, राणी नाही.
एकटी बाई. जमिनीत बीळ, बिळात लेकरांची भाकर,
आणि भाकरीला तेल लागतं.
तेल या गुलाबी फुलाच्या पाठीमागं, दोन शिंगांच्या तळाशी.
ती छाती टेकते, दोन्ही हात दोन्ही शिंगांत घालते,
पार खांद्यापर्यंत,
टोकाची मखमल तेल टिपून घेते.
छातीला पराग लागला, हे तिच्या गावीही नसतं.

वरच्या दरीत शिंग नऊ मिलिमीटर, हात नऊ.
खिंड ओलांडली की शिंग चौदा, हात चौदा.
वहीत आकडे उतरवताना आई कानात विचारते :
माप कुणी घेतलं?

कुणीच नाही, आई.
ज्या फुलाचं शिंग आखूड, त्याचं तेल ती
उंबऱ्याबाहेरूनच उचलते,
छाती टेकत नाही, पराग हलत नाही,
ते फूल बी न धरता गळतं.
जिचा हात आखूड, तिला तळ लागत नाही,
तिची भाकर कोरडी, तिच्या लेकी कमी.
बस्स, एवढीच कात्री.
कुणीही हातात न धरलेली.
किती उन्हाळे चालली, मला आकडा माहीत नाही.
शिंग केसभर मागं सरतं, हात केसभर पुढं येतो,
आणि दोघांपैकी कुणालाच
शिवून घेतल्यासारखं वाटत नाही.

सेआबाता शेळ्या घेऊन आला, खांद्यावर घोंगडी.
मी फुलाचं नाव विचारलं.
शेळी खात नाही, म्हणाला, नाव कशाला?
मग कुपीपाशी उकिडवा बसून राहिला.
काका खाणीतून आले तेव्हा असेच होते, म्हणाला.
हात तेवढेच राहिले होते. बाकीचे काका आटले होते.

काल या बाजूला आखूड हातांची एक आली,
वाऱ्यानं आणली असेल खिंडीपलीकडून.
एका फुलात शिरली, खांदा दाबला, अजून दाबला,
बाहेर आली. दुसऱ्यात.
अकरा फुलं मोजली मी.
बाराव्याच्या पाकळीवर नुसतीच बसली, हात पुसत.
तिला मी पकडलं नाही.

नव्या रस्त्याच्या उतारावर माशी उरलीच नाही,
बिळांची माती डांबराखाली गेली.
फुलं आहेत. तेवढीच गुलाबी, शिंगं तेलानं भरलेली,
दुकानातल्या खुंटीवरच्या त्या झग्यासारखी,
मामोलेमोबाईंनी शिवायला टाकलेला,
न्यायला कुणी आलंच नाही.
आई अजून शनिवारी त्याची धूळ झटकते.

रात्री टेकडीवर चढलं की फोन लागतो.
चौदा काय, इंच?
मिलिमीटर, आई.
ती हसते, टाचण्या ओठांत असल्यासारखी.
मग विचारते, ते सगळं ठीक,
पण शिवणीत माया किती सोडलीय?

मी बॅटरीच्या उजेडात वही उघडते.
तेरा पूर्णांक सहा. चौदा पूर्णांक दोन. तेरा नऊ.
एक चक्क पंधरा.
आहे थोडी, म्हणते.
पुरेल का, ती विचारते,
आणि तेवढ्यात फोन कट होतो.